ऑनलाइन लिलावातला कटकट्या बायर: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने, आणि कधी हात वर करायचे

लक्षणं

बायर कटकटीचा आहे हे बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन मेसेजमध्येच कळतं, पण ती कटकट कुठल्या जातीची आहे ते ओळखायला जरा वेळ द्यावा लागतो, आणि तो द्या, कारण एकीचा उपाय दुसरीला लावला की प्रकरण चिघळतं. मी लिलावात जुने कॅमेरे, लेन्स, रेडिओ असलं सामान विकतो, म्हणजे दोन नग कधीच सारखे नसतात आणि वाद घालायला भरपूर जागा असते. फिरून फिरून हेच दिसतं:

बोली जिंकली पण पैसे नाहीत. विचारलं तर गप्प, नाहीतर "मुलाने चुकून बटण दाबलं".

पैसे आले आणि लगेच मेसेज, "मी सध्या दुसरीकडे आहे, या पत्त्यावर पाठवा".

ट्रॅकिंग म्हणतं डिलिव्हर झालं, बायर म्हणतो मला काही मिळालंच नाही.

"वस्तू वर्णनासारखी नाहीये", पण नेमकं काय ते सांगत नाही, फोटो देत नाही, आणि वर "थोडे पैसे परत द्या, मिटवून टाकू".

"रिफंड द्या नाहीतर निगेटिव्ह फीडबॅक टाकतो".

रिटर्न आली पण आतली वस्तू आपली नाही, किंवा आपलीच आहे पण सुटा भाग काढून घेतलेला.

आणि सगळ्यात तापदायक, बायर एक शब्द बोलत नाही आणि थेट बँकेकडून चार्जबॅक येतो, म्हणजे कार्डावरून आलेले पैसे त्याची बँक उलटे मागते.

यातले बरेच लोक लबाड नसतात हे आधीच सांगतो. लिलावात एक खास भानगड असते, शेवटच्या मिनिटाला चुरशीत माणूस ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त बोली लावून बसतो, जिंकतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच वस्तू दुसरीकडे स्वस्तात दिसते. मग त्याला वस्तूत खोट दिसायला लागते. त्याला खोटारडा म्हणायची घाई करू नका, त्याला बाहेर पडायला रस्ता हवाय एवढंच. तो रस्ता सगळ्यात स्वस्त कसा पडेल हे बघणं आपलं काम.

फुकटातली तपासणी: तक्रार नक्की कुठल्या खान्यात पडते

उत्तर टाइप करायच्या आधी साइटवर जाऊन बघा की बायरने नुसता मेसेज केलाय का अधिकृत केस उघडलीये. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेसेजला मुदत नसते, केसला असते, आणि मुदत चुकली की तुमचं म्हणणं कितीही खरं असलं तरी कोणी वाचत नाही. ईबे या लिलावाच्या साइटवर वस्तू मिळाली नाही किंवा वर्णनासारखी नाही अशी तक्रार आली की सेलरला ३ कामकाजाचे दिवस मिळतात, त्यानंतर बायर साइटला मध्ये घालू शकतो. म्हणून पहिलं काम, कागदावर तारीख लिहा, कधीपर्यंत उत्तर द्यायचं ते. बाकी सगळं नंतर.

मग खाना ठरवा. साइट असो, पेमेंट कंपनी असो की कार्डाची बँक, सगळीकडे खाने जवळपास तेच आहेत: वस्तू पोचली नाही, वस्तू वर्णनासारखी नाही, व्यवहार मी केलाच नाही. ज्या खान्यात केस आहे त्याचाच पुरावा लागतो. "पोचली नाही" या तक्रारीला वस्तू किती चांगल्या कंडिशनमध्ये होती याचे वीस फोटो पाठवणारे सेलर मी बघितलेत, त्याचा शून्य उपयोग, तिथे ट्रॅकिंग नंबर टाकायचा आणि गप्प बसायचं.

आपलंच लिस्टिंग परत वाचा, बायरच्या डोळ्याने

लिस्टिंग म्हणजे साइटवर टाकलेली वस्तूची जाहिरात, फोटो आणि वर्णनासकट. हेही फुकट आहे आणि लोक हे सगळ्यात शेवटी करतात. "मस्त चालतं" असं लिहिलंय का? कशाला मस्त म्हणायचं यावरच भांडण होणार. "टेस्ट केलेलं नाही" असं लिहिलंय पण खाली कंडिशनच्या रकान्यात "वापरलेलं" निवडलंय, तर साइट रकाना बघते, कारण वापरलेलं म्हणजे चालू स्थितीतलं असं तिथे धरलं जातं. बंद किंवा न तपासलेल्या मालाला "सुट्या भागांसाठी किंवा बंद" असा वेगळा रकाना असतो, तो का निवडला नाही हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणार.

आणि ते "नो रिटर्न" आणि "जसं आहे तसं". यावर नवीन सेलर फार भिस्त ठेवतात. नो रिटर्नचा उपयोग फक्त बायरचा मूड बदलला तर होतो, रंग आवडला नाही, महाग पडलं वगैरे. वस्तू वर्णनापेक्षा वेगळी निघाली अशी तक्रार असेल तर ईबेच्या मनी बॅक गॅरंटीत (बायरला पैसे परत मिळण्याची साइटची हमी) नो रिटर्न लिहिलेलं असूनही रिटर्न घ्यावीच लागते, आणि येण्याचं भाडं सेलरच्या खिशातून जातं. तेव्हा बायरशी "मी लिहिलं होतं ना" असा वाद घालत बसू नका, त्याने केसचा निकाल हलत नाही.

लिस्टिंगमध्ये खरंच काही राहून गेलं असेल, एखादा ओरखडा, लेन्समधली बुरशी, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या सोडा आणि रिटर्न मान्य करा. तो वाद जिंकण्यासारखा नसतो.

मेसेज: एकाच जागी आणि थोडे

बायर म्हणेल व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू, फोन करा, ईमेल द्या. नाही. सगळं बोलणं साइटच्या मेसेजमध्येच, कारण केस बघणाऱ्या माणसाला तेवढंच दिसतं, फोनवर त्याने काय कबूल केलं ते त्याच्यासाठी घडलेलंच नसतं. फोन झालाच तर लगेच साइटवर एक ओळ टाका, "आत्ता आपलं बोलणं झालं, तुम्ही असं असं म्हणालात, बरोबर ना?" त्याने नाही म्हटलं तरी नोंद झाली.

मी साधारण असं लिहितो, हवं तर उचला:

"नमस्कार. वस्तूत अडचण आली हे वाचून वाईट वाटलं, आपण मार्ग काढू. कृपया तीन फोटो पाठवा: दोष जिथे आहे तो भाग, सिरियल नंबर, आणि बॉक्स बाहेरून. फोटो बघून मी उद्यापर्यंत कळवतो. वस्तू परत करायची असेल तर साइटवरूनच रिटर्नची विनंती टाका, म्हणजे दोघांचीही नोंद राहील."

यात माफी आहे पण चूक कबूल केलेली नाही, काम सांगितलंय, आणि वेळ दिलीये. खऱ्या अडचणीतला माणूस फोटो लगेच पाठवतो, त्याला राग आलेला असला तरी पाठवतो. ज्याला फक्त पैसे कमी करून हवेत तो फोटोवर बोलतच नाही, परत रकमेवरच येतो. नुसत्या या एका मेसेजवर अर्धी छाननी होते म्हणून मी याला एवढं महत्त्व देतो. बॉक्सचा फोटो का, तर वाहतुकीत मार लागला असेल तर कुरिअरकडे क्लेम करायला तोच लागतो, आणि बायरने बॉक्स फेकला की तो क्लेम जवळपास संपला.

टोमणे, "तुमच्यासारखे बायर", "मी पोलिसात जाईन" हे काहीही लिहू नका. तुमचं शेवटचं वाक्य तिसरा माणूस वाचणार आहे असं धरून लिहा.

पैसे देतच नाही

हे सगळ्यात सोपं प्रकरण आणि लोक उगाच यावर आठवडा घालवतात. एक आठवण पाठवा, साइटची मुदत संपू द्या (ईबेवर ४ दिवस), मग "बायरने पैसे दिले नाहीत" हेच कारण निवडून ऑर्डर रद्द करा. कारण बरोबर निवडणं महत्त्वाचं, घाईत "वस्तू शिल्लक नाही" निवडलंत तर खापर तुमच्यावर फुटतं आणि खात्यावर डाग पडतो. बायरने आधीच "चुकून झालं, रद्द करा" असं लिहून दिलं असेल तर "बायरने विनंती केली" हे कारण. मग दुसऱ्या नंबरच्या बोलीवाल्याला सेकंड चान्स ऑफर द्या, म्हणजे तीच वस्तू त्याच्या बोलीच्या किमतीला घ्यायची संधी, तो बहुतेक वेळा खूश असतो. जबरदस्तीने पैसे काढलेल्या माणसाला माल पाठवणं म्हणजे पुढची केस स्वतः विकत घेणं.

पैसे आलेत असं दिसतंय, पण आलेत का?

हे माल पाठवायच्या आधीचं चेकिंग आहे आणि दोन मिनिटांचं आहे. "पेमेंट झालं, पण ट्रॅकिंग नंबर टाकल्यावर रक्कम खात्यात दिसेल" असा ईमेल आला तर तो खोटा धरा. ईमेलमधल्या लिंकवर टिचकी मारू नका, ब्राउझर उघडून स्वतः खात्यात लॉगिन करा आणि ऑर्डर "पेड" दिसतीये का ते बघा. बायरने ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त पाठवलंय आणि वरचे पैसे कुरिअरवाल्याला किंवा एजंटला द्या म्हणतोय, तर ही फार जुनी फसवणूक आहे, मूळ पेमेंट नंतर उलटतं आणि तुम्ही दिलेले पैसे गेलेले असतात. इथे समजवायचं वगैरे काही नाही, रिपोर्ट करा आणि सोडा.

पत्ता बदलायची विनंती याच कुळातली. कधीकधी खरंच माणूस घर बदलत असतो, पण सेलर प्रोटेक्शन, म्हणजे वादात सेलरला मिळणारं संरक्षण, हे ऑर्डरवर जो पत्ता आहे तिथे पोचल्याच्या पुराव्यावर टिकून असतं, दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं की ते गेलं. सरळ सांगा, ऑर्डर रद्द करतो, खात्यात पत्ता बदला आणि नव्याने पैसे भरा. खरा माणूस कुरकुर करून का होईना, करतो.

"मिळालंच नाही"

ट्रॅकिंग उघडा. तीन गोष्टी बघा, स्टेटस "डिलिव्हर्ड" आहे का, गाव आणि पिनकोड ऑर्डरशी जुळतो का, आणि रक्कम मोठी असेल तर सही आहे का. ईबेवर एकूण ७५० डॉलर किंवा त्यावरच्या ऑर्डरला सहीसह डिलिव्हरीची नोंद लागते, ती नसेल तर नुसतं डिलिव्हर्ड पुरत नाही. स्टेटस अजून वाटेतच अडकलेलं असेल तर बायर बरोबर आहे, त्याला दोष देऊ नका, कुरिअरकडे चौकशी टाका आणि त्याचा नंबर बायरला द्या.

डिलिव्हर्ड आहे आणि तरी नाही म्हणतो, तर एकदा नीट विचारायला सांगा, शेजारी, वॉचमन, घरातलं दुसरं कोणी. खूप पार्सलं अशीच सापडतात आणि बायर ओशाळून केस बंद करतो. नाही सापडलं तर ट्रॅकिंग केसमध्ये टाकायचं आणि निकाल साइटवर सोडायचा. स्वतःहून रिफंड द्यायचा नाही.

"वर्णनासारखी नाही": इथे वेळ द्या

सगळ्यात जास्त वाद इथेच होतात आणि सगळ्यात जास्त पैसेही इथेच जातात.

फोटो आले की आपल्या फोटोंशी जुळवा. सिरियल नंबर, स्क्रूवरचे ओरखडे, लाकडावरची रेघ, लेबलचा फाटलेला कोपरा. पाठवायच्या आधी सिरियल नंबर आणि काही ओळखीच्या खुणा यांचे फोटो आणि पॅकिंगचा एक न तोडलेला व्हिडिओ काढून ठेवायची सवय असेल तर हे काम पाच मिनिटांचं, नसेल तर आता काही करता येत नाही, पुढच्या वेळी काढा. व्हिडिओने साइट दर वेळी ऐकते असं नाही हेही खरं, पण पोलिसात किंवा कुरिअर क्लेममध्ये तो कामाला येतो.

मग त्याची वापरायची पद्धत तपासा. हे हसण्यावारी नेऊ नका. कॅमेरा बंद आहे म्हणणाऱ्या किती लोकांनी बॅटरी उलटी घातलेली असते, रेडिओवर चुकीचा बँड लावलेला असतो, मोबाईलला दुसऱ्याच कंपनीचं चार्जर. शांतपणे दोन पायऱ्या लिहून द्या. बायरचा अपमान होईल अशा भाषेत नको, "या मॉडेलमध्ये ही एक खोड आहे, एकदा असं करून बघा" असं म्हणा, म्हणजे त्याला माघार घेताना लाज वाटत नाही.

आता अर्धवट रिफंडचा प्रश्न. दोष खरा, छोटा, आणि फोटोत दिसतोय, तर थोडी रक्कम परत देणं हे बहुतेक वेळा रिटर्नच्या दोन्हीकडच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडतं, हिशोब करा आणि द्या, अहंकार मध्ये आणू नका. पण दोष सांगत नाही, फोटो नाही, आणि थेट "३० टक्के परत द्या" असं असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: "वस्तू परत पाठवा, पोचली की पूर्ण पैसे देतो." ज्याला वस्तू हवीये आणि सूटही हवीये तो इथे गायब होतो. ज्याला खरंच तक्रार आहे तो परत पाठवतो, आणि मग ठीकच आहे की.

जो काही रिफंड द्याल तो केसच्या बटणातूनच द्या. वेगळे पैसे पाठवलेत तर केस उघडीच राहते आणि साइट दुसऱ्यांदा पैसे काढून देते, हे होतं.

फीडबॅकची धमकी

ईबेने २००८ पासून सेलरला बायरबद्दल निगेटिव्ह फीडबॅक देणं बंद केलं, त्यामुळे उलट धमकी द्यायला तुमच्याकडे काही नाही, आणि ते बरंच आहे. पण ठरलं होतं त्यापलीकडचं काही मिळवायला फीडबॅकची धमकी देणं हे नियमाविरुद्ध आहे, आणि ती धमकी साइटच्या मेसेजमध्ये लेखी असेल तर रिपोर्ट करून तो फीडबॅक काढून घेता येतो. म्हणून धमकी आली की चिडू नका, उलट साधा प्रश्न विचारा, "म्हणजे रिफंड दिला नाही तर निगेटिव्ह टाकणार असं म्हणताय का?" लोक हो म्हणतात. आश्चर्य वाटतं पण म्हणतात.

एका निगेटिव्हसाठी पूर्ण रक्कम सोडू नका. दोन ओळींचं सभ्य उत्तर त्याच्याखाली टाका, पुढचे बायर तुमचं उत्तर वाचतात.

रिटर्न आली आणि आत भलतंच

बॉक्स उघडायच्या आधी कॅमेरा चालू करा. लेबल, वजन, टेप, मग उघडणं, सगळं एकाच शॉटमध्ये. कुरिअरच्या पावतीवरचं वजन फार बोलकं असतं, दोन किलोचा रेडिओ जाऊन अर्ध्या किलोचा बॉक्स परत आला तर वेगळं काही सांगावं लागत नाही. वस्तू चुकीची किंवा मोडलेली असेल तर रिफंडचं बटण दाबू नका, मुदतीच्या आत (ईबेवर वस्तू मिळाल्यापासून २ कामकाजाचे दिवस) साइटलाच मध्ये बोलवा आणि फोटो द्या. काही ठरावीक अटी पाळणाऱ्या सेलरना वापरून किंवा मोडून आलेल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत कपात करता येते, तुमचं खातं त्यात बसतं का ते आधी बघा, मनाने कपात करू नका.

केस विरोधात गेली तरी ईबेवर अपील करायला ३० दिवस असतात. अपिलात तेच रडगाणं परत लिहून उपयोग नाही, नवीन कागद हवा, कुरिअरचं पत्र, पोलिसांची पोच, वजनाची पावती.

चार्जबॅक

हे साइटच्या हातात नसतं, बायरच्या बँकेच्या हातात असतं. म्हणजे साइटवरची केस तुम्ही जिंकलेली असली तरी तो नंतर बँकेत जाऊ शकतो. मुदतीही लांब असतात, पेपॅल या पेमेंट कंपनीकडे पैसे दिल्यापासून १८० दिवस तक्रार करता येते, त्यामुळे वस्तू विकून झाली की फोटो आणि पावत्या लगेच डिलीट करू नका, निदान तेवढे दिवस ठेवा.

कारणाचा कोड बघा. व्हिसाचा १३.१ म्हणजे माल मिळाला नाही, १३.३ म्हणजे वर्णनासारखा नाही किंवा खराब, १०.४ म्हणजे कार्डवाला म्हणतो हा व्यवहार माझा नाहीच. पहिल्याला ट्रॅकिंग, दुसऱ्याला लिस्टिंग आणि मेसेज, तिसऱ्याला ऑर्डरवरच्या पत्त्यावरच पोचल्याचा पुरावा. एका पानात तारीखवार लिहा, वाचणाऱ्याकडे तुमच्यासाठी काही मिनिटंच असतात. आणि चार्जबॅक चालू असताना बायरला वेगळा रिफंड अजिबात देऊ नका, दोन्हीकडून जातील.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

बायर घरी येण्याची, मारहाणीची, पत्ता किंवा फोटो पसरवायची भाषा करत असेल तर मेसेज करणं तिथेच बंद, स्क्रीनशॉट घ्या, साइटला रिपोर्ट करा आणि पोलिसात जा. हा आता रिफंडचा वाद राहिलेला नाही.

खोटं पेमेंट, चोरीचं कार्ड, किंवा तुमच्या खात्यात दुसऱ्या कोणीतरी लॉगिन केल्याचा संशय असेल तर आधी बँकेला फोन, पासवर्ड बदल, मग सायबर पोलीस, आणि हे त्याच दिवशी, कारण पैसे पुढे सरकले की अडवणं अवघड होतं.

वस्तू अस्सल की नक्कल असा वाद असेल, घड्याळ, चित्र, सही केलेलं काही, तर तुम्ही आणि बायर दोघं कितीही बोला, उपयोग नाही. त्या विषयातल्या स्वतंत्र तज्ज्ञाचं लेखी मत घ्या. मत तुमच्या विरोधात आलं तर पूर्ण पैसे परत द्या आणि ती वस्तू परत लिलावात टाकू नका.

वकिलाची नोटीस आली, किंवा तुम्हालाच पाठवायचीये, तर स्वतः उत्तर लिहू नका, सौम्य शब्दातलंसुद्धा नको. वकिलाची फी आणि अडकलेली रक्कम शेजारी शेजारी लिहून बघा, बऱ्याच वेळा रक्कम सोडून देणं परवडतं, आणि रक्कम मोठी असेल तर पहिल्याच दिवशी जाणं परवडतं. जाताना त्यांना दोनशे स्क्रीनशॉट देऊ नका. तारीखवार एक पान, लिस्टिंगची प्रत, सगळे मेसेज क्रमाने, ट्रॅकिंग, पेमेंटची नोंद. एवढं घेऊन गेलात तर पहिल्या भेटीतच कळतं की यात काही दम आहे का नाही.